नवी कोरी, तरी कुरकुरी!

पेढे वाटून झालेत. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालंय, चारही चाकांखाली लिंबं चिरडून झालीत, शोरूममधला तो भल्यामोठ्या चावीवाला फोटो अख्ख्या खानदानाच्या ग्रुपवर फिरून आलाय. पुढची सात वर्षं बँक दर महिन्याला तुमच्या अकाउंटमधून ईएमआय उचलणार आहे, पण त्याचंही आज काही वाटत नाहीये. आणि मग तिसऱ्या शनिवारी, गाणी जरा बारीक केल्यावर, डॅशबोर्डच्या आतून कुठून तरी ऐकू येतं... टिक. टिक-टिक. टिक.

झालं! त्या क्षणापासून तुम्ही गाणी ऐकणं बंद करता आणि गाडी ऐकायला लागता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांचा नव्या गाडीतला पहिला लाँग ड्राइव्ह लोणावळ्याचा नसतो, गावचा असतो. गाडी आधी ग्रामदैवतापुढे उभी राहायला हवी, मग माळ्यावर पार्टी वगैरे. शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाईच घ्या. भीमाकाठचा ऊसपट्टा, पलीकडे दौंड तालुका. खराडीतून किंवा मगरपट्ट्यातून निघायचं, नगर रोडनं शिक्रापूर-न्हावऱ्यावरून या नाहीतर सोलापूर रोडनं चौफुल्यावरून, शेवटचे काही किलोमीटर गाडीची खरी परीक्षा. न दिसणारे स्पीडब्रेकर, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, शेतातून रस्त्यावर आलेला चिखल. शहरात साठच्या पुढे न गेलेली, एसी लावून सिग्नलला उभी राहणारी गाडी इथे पहिल्यांदा अंग मोकळं करते आणि जे काही सैल असेल ते बोलायला लागतं. वर पारावरचे आबा आहेतच. "काय रं, नवी म्हन्तोस आन् खडखड वाजतीय की!"

सोमवारी तुम्ही सर्व्हिस सेंटरला फोन करता. पलीकडून अत्यंत गोड आवाजात उत्तर येतं, "सर, नवीन गाडी आहे ना, थोडी चालली की सेट होईल."

गंमत म्हणजे हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं. आणि बऱ्याचदा निव्वळ टोलवाटोलवी असते. कधी काय, एवढंच कळायला हवं.

बाथटबचा फंडा

सर्वांत आधी मनातली भीती काढून टाका. नवीन गाडीत बिघाड निघाला म्हणजे तुमच्या नशिबी डबडं आलं, असं नाही. इंजिनिअरिंगमध्ये याला चक्क एक आलेख आहे. उभ्या रेषेवर बिघाडांचं प्रमाण, आडव्या रेषेवर वय. सुरुवातीला बिघाड जास्त, मग उतरत जाऊन बरीच वर्षं सपाट, आणि म्हातारपणी पुन्हा चढ. आकार बाथटबसारखा, म्हणून नाव बाथटब कर्व्ह. टबाची पहिली भिंत म्हणजे कारखान्यात नीट न आवळलेला बोल्ट, सोल्डर कच्चं राहिलेला सेन्सर, चुकीच्या जागी दाबला गेलेला वायरिंगचा पट्टा. हे दोष गाडीसोबतच जन्माला येतात आणि बहुतेक पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये तोंड वर काढतात. वॉरंटी असते ती मुख्यतः याच भिंतीसाठी.

मॉडेलच नवं असेल तर ही भिंत आणखी उंच. याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे इंडिका. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांनी ती आणली तेव्हा बुकिंगसाठी अक्षरशः झुंबड उडाली, आठवड्याभरात लाखाच्या वर बुकिंग झालं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून निघालेली, भारतात डिझाइन झालेली गाडी म्हणून पुणेकरांची छाती फुगली होती. आणि मग पहिल्या ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या. कंपनीनं त्या तक्रारी घेऊन गाडीवर पुन्हा काम केलं आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आली. पुढे २०१८ पर्यंत इंडिका बनत राहिली, अर्ध्या महाराष्ट्राच्या टॅक्सी त्यावर चालल्या. म्हणजे गाडी वाईट नव्हती. पहिल्या लॉटच्या लोकांनी कंपनीचं टेस्टिंग स्वतःच्या पैशानं करून दिलं, इतकंच. लाँच झाल्या झाल्या पहिल्या महिन्यात गाडी बुक करणाऱ्यांनी हे हिशेबात धरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. सहा महिने थांबलात तर रंगही आवडीचा मिळतो.

आणखी जवळचं उदाहरण हवंय? वडगाव रासाई ज्या तालुक्यात आहे त्याच शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसी आहे, आणि तिथे फियाट-टाटांचा कारखाना. २००९ ची लिनिआ आणि ग्रँडे पुंटो तिथलीच. जुलै २०१७ च्या अखेरीस आलेली जीप कंपासही तिथलीच, आणि ती नुसती इथल्या रस्त्यांसाठी नव्हे, तर ऑस्ट्रेलिया, जपानसारख्या देशांत निर्यात होण्यासाठी. महागणपतीच्या शेजारी बनलेली ही झकास गाडी बाजारात येऊन चार-पाच महिने होतात न होतात तोच, २०१७ च्या शेवटी सुमारे १,२०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण? पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगच्या जुळणीत एखादा सुटा फास्टनर राहून गेला असण्याची शक्यता. इंजिन, गिअरबॉक्स सगळं ठणठणीत, आणि दगा देणार एवढासा खिळा!

मारुतीसारखी मुरलेली कंपनीही यातून सुटलेली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये बलेनो आली आणि मे २०१६ मध्ये ७५,४१९ बलेनो एअरबॅग कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या गेल्या. जुलै २०२३ मध्ये स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या.

रिकॉल म्हटलं की आपल्याकडे अजूनही नाकं मुरडली जातात. उलट आहे. जी कंपनी चूक आपणहून सांगते ती बरी. २०१२ मध्ये सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेनं स्वेच्छेनं रिकॉल करायची आचारसंहिता आणली. मग मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियमच लागू झाले. आता सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल ठरावीक संख्येनं तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, आणि त्यात दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच, की कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून आपली गाडी यादीत आहे का ते बघता येतं. आणि रिकॉलच्या खालची एक पायरी असते, जिची जाहिरात कुणी करत नाही. 'सर्व्हिस कॅम्पेन'. ठरावीक लॉटमध्ये ठरावीक पार्ट गुपचूप बदलून द्यायचा. त्यामुळे पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी देताना सहज विचारल्यासारखं विचारा, "माझ्या चेसिस नंबरवर कुठलं कॅम्पेन ओपन आहे का?" समोरचा सरसावून बसतो. गिऱ्हाइकाला काहीतरी कळतं, असा मेसेज जातो.

काय मनावर घ्यायचं, काय नाही

आता आवाजांकडे वळू. पहिल्या दोन-चार दिवसांत गाडीतून जळाल्यासारखा वास आला तर फायर ब्रिगेड बोलवू नका. एक्झॉस्टवरचं संरक्षक कोटिंग आणि कारखान्यातलं तेल-मेण जळत असतं, थोड्याच दिवसांत जातं. वास गेला नाही किंवा धूर दिसला तर गोष्ट वेगळी. पावसात भिजून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा किंचाळतात, कारण डिस्कवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. एसीत बसून आलात आणि गाडीखाली स्वच्छ पाण्याचं थारोळं दिसलं तर ते एसीचंच. बोट लावून बघा. पाणी असेल तर विसरा. बोटाला चिकट, रंगीत किंवा काळपट काही लागलं तर मात्र त्या जागेचा फोटो काढा आणि त्याच दिवशी फोन करा.

गाडी एका बाजूला ओढतेय, फार उडतेय? अलाइनमेंटवर पैसे घालवण्याआधी टायरमधली हवा तपासा. कारखान्यातून आलेल्या गाड्या यार्डात महिनोन्‌महिने उभ्या असतात, टायर चपटे होऊ नयेत म्हणून त्यांत हवा जास्त भरलेली असते, आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ती कमी करायची राहून जाते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा खरा. तो टायर थंड असताना मोजायचा, गावाहून आल्या आल्या नाही.

यार्डात उभं राहिल्याचा दुसरा बळी म्हणजे बॅटरी. नव्या गाडीची बॅटरी महिन्याभरात बसली तर ती बहुधा तुमच्या हातात आली तेव्हाच अर्धी मेलेली होती. ती वॉरंटीत बदलून मिळते आणि मागायला लाजायचं कारण नाही. ईव्ही घेतलीत म्हणून सुटका नाही बरं का, तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, आणि ती बसली की लाखोंची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म. पण इथे एक मेख आहे. डिलिव्हरीनंतर दोनच दिवसांत तुम्ही बाहेरून वायर कापून डॅशकॅम, अँप्लिफायर, जादा हॉर्न असलं काही बसवलं असेल, तर पुढच्या प्रत्येक इलेक्ट्रिकल तक्रारीला सर्व्हिस सेंटरकडे एकच उत्तर तयार असेल. वायर न कापता कपलरनं जोडता येणाऱ्या वस्तू मिळतात. चार पैसे जास्त लागतात, लागू देत.

डिझेलवाल्यांसाठी खास. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो काजळी धरून ठेवतो आणि पुरेसा तापला की जाळून टाकतो. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, तेही विमाननगरच्या ट्रॅफिकमध्ये, असा दिनक्रम असेल तर तो तापतच नाही. मग डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो आणि लोक गाडीला शिव्या घालतात. हा बिघाड नाही. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे हायवेवर साधारण साठच्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवली की बहुतेक वेळा दिवा विझतो. म्हणजे आईला भेटून यायला डॉक्टरी सल्ला! पण दिव्याकडे दुर्लक्ष करत राहिलात, तर फिल्टर इतका तुंबतो की गाडीची ताकदच कमी होते, आणि मग ते काम वर्कशॉपमध्येच होतं. खरं सांगायचं तर रोजचं रनिंग एवढं कमी असेल तर डिझेल घेतलीच कशाला, हा प्रश्न शोरूममधल्या सेल्समननं विचारायला हवा होता.

गावाकडची म्हणून एक भानगड कुठल्याच मॅन्युअलमध्ये ठळक दिलेली नसते. उंदीर! वैरणीच्या गंजीशेजारी किंवा उसाच्या कडेला दोन रात्री गाडी उभी केली की इंजिनच्या उबेला ते येतात आणि वायरी कुरतडतात. सोमवारी गाडी सुरू होत नाही, तुम्ही कंपनीच्या नावानं बोटं मोडता, आणि बॉनेट उघडल्यावर आत धान्याची टरफलं सापडतात. हे वॉरंटीत येत नाही. विम्यात कधी येतं, कधी नाही, पॉलिसी वाचा. गाडी मोकळ्या अंगणात लावा आणि निघण्याआधी बॉनेट एकदा उघडून बघा.

आणि आता ज्याला हसायचं नाही ते. लाल दिवा म्हणजे थांबायचं. ऑइल प्रेशरचा असो, तापमानाचा असो, ब्रेकचा असो. 'न्हावऱ्यापर्यंत जाऊ, मग बघू' असलं काही नाही. ऑइलचं प्रेशर गेलेलं इंजिन काही मिनिटांत कायमचं बसू शकतं, आणि दिवा दिसत असूनही चालवलीत म्हटल्यावर वॉरंटीचं भांडण तुम्ही तिथेच हरता. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा सलग जळत असेल तर हळू चालवत सर्व्हिस सेंटर गाठता येतं. तोच दिवा लुकलुकायला लागला तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तो महागडा पार्ट जळतोय. बाजूला घ्या, बंद करा, रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा. हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह असावा आणि काचेवर चिकटवलेलाही, कारण नदीकाठाला ऐनवेळी इंटरनेट मिळेलच असं नाही. ऑटोमॅटिक किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर दोरीनं ओढायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हात जोडून नको म्हणा. त्याचा हेतू चांगला असतो, पण चाकं जमिनीवर ठेवून ओढल्यानं गिअरबॉक्सचं भजं होऊ शकतं. फ्लॅटबेडच मागवा.

एक बारीक टीप, जी फार थोड्यांना माहीत असते. हायवेवरचा गॅरेजवाला तुमच्या गाडीला स्कॅनर लावून "क्लिअर करून टाकतो" म्हणाला, तर आधी स्क्रीनचा फोटो काढा. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड साठतो, पी०३०० वगैरे. त्याबरोबर तो बिघाड झाला त्या क्षणी स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती, हेही साठतं. क्लिअर केलं की दिवा जातो आणि पुरावाही जातो. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर म्हणतं, "सर, सिस्टिममध्ये तर काहीच दाखवत नाहीये."

कागद बोलतो

इथून पुढे मेकॅनिकल कमी आणि कागदपत्रं जास्त. कंटाळा येईल, पण सगळा खेळ इथेच आहे.

सर्व्हिस सेंटरला गाडी दिली की जॉब कार्ड बनतं. ऑफिसला उशीर होतोय, बॉसचा फोन येतोय, म्हणून आपण न वाचता सही करतो. त्यावर काय लिहिलेलं असतं? 'जनरल चेकअप.' तुम्ही दहा मिनिटं तावातावानं सांगितलेलं एक अक्षर त्यात नाही. आणि गाडी परत मिळते तेव्हा शेरा असतो, 'चेक्ड अँड फाउंड ओके.' असं चार वेळा झालं की तुमच्या लेखी गाडी चार वेळा बिघडली आणि कागदाच्या लेखी चार वेळा धडधाकट होती. ग्राहक आयोगापुढे कोण जिंकणार?

म्हणून जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत, शक्य तितकी काटेकोर. 'गाडी आवाज करते' याला काही अर्थ नाही. 'इंजिन थंड असताना, दुसऱ्या गिअरमध्ये, साधारण ३० च्या स्पीडला, खराब रस्त्यावर, पुढच्या डाव्या चाकाकडून ठकठक' हे मेकॅनिकला शोधता येतं. आवाजाचा व्हिडिओ करा, पण शेजारच्याला मोबाइल धरायला सांगून. टेक्निशियनला शेजारी बसवून चक्कर मारा आणि आवाज त्याला ऐकवा. काउंटरवरचा सर्व्हिस अॅडव्हायझर वाईट माणूस नसतो, त्याला दिवसाला ढीगभर गाड्या उरकायच्या असतात. पण तुमच्या गाडीला हात लावणारा तो नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्याशी दोन मिनिटं बोलायला मिळालं, तर अर्धं काम झालं. दादा म्हणून बोला, काम पटकन होतं.

तारीख, किलोमीटर रीडिंग, गाडी किती दिवस अडकून पडली, कुठला पार्ट बदलला, सगळ्याच्या प्रती ठेवा. पेट्रोल-डिझेलच्या पावत्याही. इंजेक्टर किंवा पंपाची तक्रार आली की पहिला बचाव 'फ्युएल खराब होतं' हाच येतो. आता तर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे. भीमाकाठच्या शिवारातला ऊस थोडासा का होईना तुमच्याच टाकीत येतोय म्हणा ना! आपली गाडी त्यासाठी योग्य आहे, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते पान वाचून ठेवा. आणि मोफत सर्व्हिसिंगच्या तारखा अजिबात चुकवू नका. पहिली बहुतेक कंपन्यांत हजार किलोमीटर किंवा महिन्याच्या आसपास असते. कामाच्या गडबडीत ती राहिली, तर पुढे इंजिनच्या तक्रारीत तेवढा एक मुद्दा तुमच्याविरुद्ध पुरतो.

वॉरंटी कंपन्यांकडे साधारण दोन-तीन वर्षांची असते. मारुतीनं जुलै २०२४ मध्ये ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. पण क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरची रबरं यांसारख्या झिजणाऱ्या वस्तूंना ती सहसा पूर्ण लागू नसते, आणि इथेच सगळ्यात जास्त वाजतं. पाच हजार किलोमीटरवर क्लच गेला तर कंपनी म्हणणार तुम्ही त्यावर पाय ठेवून चालवता, तुम्ही म्हणणार मालच खराब. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात.

'गाडीच बदलून द्या!'

चौथ्यांदा तोच पार्ट गेला की प्रत्येकाच्या तोंडी हेच वाक्य येतं. अमेरिकेत राहणारा मावसभाऊ फोनवर सांगतो, "आमच्याकडे लेमन लॉ आहे." खरं आहे. कनेक्टिकट राज्यानं १९८२ मध्ये पहिला आणला. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत एकाच बिघाडाची चार वेळा दुरुस्ती करून जमलं नाही, जिवावर बेतणारा बिघाड असेल तर दोनच वेळा, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त गॅरेजमध्ये पडून राहिली, तर कायदा ती गाडी 'लेमन' आहे असं मानूनच चालतो. आपल्याकडे असा आकडेबंद कायदा नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि सिद्ध करायचं ओझं बऱ्यापैकी तुमच्यावर.

सुप्रीम कोर्टाचा २००६ चा एक निकाल या विषयात सतत पुढे येतो. मारुती उद्योगविरुद्ध एका ग्राहकाची केस होती, तक्रार क्लचची. खालच्या पातळीवर गाडी बदलून द्यायचा आदेश झाला होता. सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. वॉरंटीच्या अटींत सदोष पार्ट दुरुस्त करायचा किंवा बदलून द्यायचा असं आहे, तर पार्ट बदलून भागत असताना अख्खी गाडी बदलायला लावता येणार नाही, असा त्याचा रोख. तेव्हा नवी गाडी किंवा पूर्ण पैसे परत हवे असतील, तर 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट' दाखवावा लागतो, म्हणजे दुरुस्तीनं न जाणारा, मुळातलाच दोष. नुसतं "फार त्रास झाला हो" पुरत नाही. तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कायद्यात त्याची सोय आहे. आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो, ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो, आणि त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. वाहन क्षेत्रातली देशातली मोठी संशोधन संस्था एआरएआय १९६६ पासून आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे, हा आपला त्यातल्या त्यात शेजारधर्म.

पण ही सगळी निराशाच आहे असं समजू नका. गाडी बदलून मिळाली नाही तरी दुरुस्ती, पार्ट, गाडी पडून राहिल्याचा खर्च, मनस्तापाची भरपाई मागता येते, आणि मिळते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं दोन गोष्टी फार सोप्या केल्या. एक, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गाडी मुंबईच्या डीलरकडून घेतली असली आणि घर वडगाव रासाईत असलं, तरी पुण्यातच दाद मागायची. दुसरं म्हणजे फी. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. दहा लाखांच्या गाडीसाठी पिझ्झापेक्षा स्वस्त! वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. कायद्यात निकालाचा अपेक्षित काळ ३ महिने आहे, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात वर्षं लागू शकतात, ही तयारी ठेवूनच उतरायचं.

त्याआधीच्या पायऱ्या चढा. सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचं कस्टमर केअर, पण फोनवर नाही, ईमेलवर. सगळे जॉब कार्ड जोडून, शांत भाषेत, तारखांसह. शिव्या नकोत, कारण हाच ईमेल पुढे पुरावा म्हणून लागतो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीच्या संबंधित विभागाकडे जाते, आणि कित्येकदा एवढ्यानंच महिनाभर 'बॅक ऑर्डर'वर असलेला पार्ट अचानक सापडतो. ग्राहक चळवळ ही पुण्याला नवी नाही, बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ मध्ये याच शहरात सुरू केली होती. कार्यकर्ते आजही मार्गदर्शन करतात.

अजून घेतली नसेल तर

ज्यांनी फक्त बुकिंग केलंय, त्यांच्या हातात सगळ्यात मोठं शस्त्र अजून आहे. गाडी तुमच्या नावावर रजिस्टर व्हायच्या आधी ती डोळ्यांनी बघायची. रजिस्ट्रेशन झालं की डीलर गाडी बदलून देणं जवळपास विसराच.

गोव्यातली एक केस यासाठी लक्षात ठेवा. २०११ मध्ये एका ग्राहकानं नवी टाटा गाडी घेतली. नंतर त्याच्या लक्षात आलं की माथी मारलेली गाडी २००९ ची आहे, ६२२ किलोमीटर चाललेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात कोर्टानं उत्पादक कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा होता आणि कंपनीला हे माहीत होतं असं सिद्ध झालं नाही. दहा वर्षं गेली. जे ओडोमीटर बघून दहा सेकंदांत कळलं असतं त्यासाठी.

त्यामुळे यार्डात जा, दिवसाउजेडी जा, संध्याकाळी सातला ट्यूबलाइटखाली नाही. ओडोमीटर बघा. चेसिस नंबर इन्व्हॉइसशी ताडून पाहा, विक्री प्रमाणपत्रावर म्हणजे फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं ते वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका. बॅटरीवरची तारीख बघा. दारं आणि बॉनेट यांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का, रंगाची छटा एकच आहे का, ते जरा लांबून तिरकं बघितलं की कळतं. इंजिन सुरू करा, एसी, सगळ्या काचा, सगळे दिवे, रिव्हर्स कॅमेरा, प्रत्येक सीटबेल्ट. सेल्समन घड्याळ बघायला लागेल. तोच महिनाभर तुमच्या मागे लागलेला असतो, आता अर्धा तास थांबू दे त्याला. खाली वाकून गाडीच्या पोटाकडेही मोबाइलचा टॉर्च मारा. ओलं दिसतंय का, खरचटलंय का. सगळं ठीक असेल तर त्याच फोनवर चेसिस नंबरचा फोटो काढा आणि मगच रजिस्ट्रेशनच्या कागदांवर सही करा.